पगारकाकूंचा लाल ठिपका

पगारकाकूंनी आयुष्यात कधी नखं रंगवली नाहीत, पण त्यांच्या पर्समध्ये लाल नेलपेंटची बाटली कायम असायची. गॅसचा रेग्युलेटर, इस्त्रीचा प्लग, कुकरची शिट्टी, काहीही त्यांनी तपासलं आणि पटलं, की त्याच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका. माझ्या स्कूटरच्या मागच्या ब्रेकलाही त्यांनी ठिपका दिला होता. पुढच्याला नाही. "तो बदल," एवढंच म्हणाल्या. मी दुसऱ्याच दिवशी बदलला, कारण स्कूटर चालवताना माझं निम्मं लक्ष त्या नसलेल्या ठिपक्याकडे जायला लागलं होतं.

काकू मूळच्या सटाण्याकडच्या. सातपूरला विजेचे मीटर बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या तपासणीच्या टेबलावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. प्रत्येक मीटर वेगळा जुळवायचा, तपासायचा, मग ठिपका द्यायचा. तो कोणी दिला हे कुठंही लिहिलेलं नसे. टेबलावर एक रिजेक्ट नग मात्र कायम समोर ठेवायचे. "तो बघत काम करायचं, म्हणजे हात शेफारत नाही," असं काकू सांगायच्या.

आम्ही राहायचो पाथर्डी फाट्याजवळ, मी दुसऱ्या मजल्यावर आणि त्या पहिल्या. सोसायटीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जातीचे पांढरे राउटर घेतले होते. दोन वर्षांत कंपनीने हात वर केले: या मॉडेलला आता नवीन अपडेट नाही. खोकी दिवसातून चारदा अडकायची. सेक्रेटरींनी महिनाअखेरीला भंगारवाल्याला बोलावलं, आणि मी, घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला, भर मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, खोकी ठणठणीत आहेत, त्यांना आतून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तेवढं जुनं झालंय. जगभरातले लोक मिळून एक ओपन सोर्स फर्मवेअर लिहितात, ते कोणीही फुकट वापरावं. त्यांच्या यादीत आपलं मॉडेल नाही, ते मी घालतो. सेक्रेटरी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत." मी म्हटलं, आठवडा पुरे. काय पण माझा तोरा!

दुसऱ्या दिवशी मी सुरीने खोकं उघडत बसलो होतो. दार सताड उघडं होतं. काकू कोथिंबीर परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "मंदार, ठेव ती सुरी." खाली जाऊन त्या सोल्डरिंगची डबी घेऊन आल्या. आतल्या सर्किटवर चार भोकं रिकामी होती. तिथं तारा जोडल्या, की राउटर सुरू होताना काय काय करतो ते संगणकावर वाचता येतं. काकूंनी चष्मा नाकावर ओढला आणि श्वास रोखून चार पिना बसवल्या. माझा जीव टांगणीला लागलेला, त्यांचा हात मात्र तसूभर हलला नाही. वीज दिली आणि पडद्यावर भराभर ओळी धावायला लागल्या. मी खुर्चीवरून उठलोच. काकू आनंदल्या की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "जित्तं शे रे हाई!" म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

पुढचे दिवस नुसती धमाल होती. अकरा वाजता काकूंचा स्वयंपाक आटोपायचा आणि त्या वर हजर व्हायच्या. आज दिवे लागले, उद्या बटण चाललं, परवा वायफाय दिसलं! वायफाय दिसलं त्या दिवशी मला भूक लागेना. मी काम ताबडतोब त्या फर्मवेअरच्या प्रकल्पाकडे पाठवायला निघालो, तर काकूंचा प्रश्न आला, "मागं वायर लावायची पाच भोकं आहेत. पाचही बघितली?" मी एकच बघितलं होतं. "चालतंय वेगळं आणि तपासलंय वेगळं," त्या म्हणाल्या. पाचही बघितली, तर त्यांतली चार उलट्या क्रमाने लागली होती. मी कान धरले. पुढे प्रकल्पातल्या कुणा परदेशी तपासनिसाने माझं काम दोनदा परत पाठवलं, तेव्हा मी चिडून घर डोक्यावर घेतलं. काकू मात्र खूश होत्या. "चांगला माणूस दिसतोय. नग परत पाठवतो."

आता दुसऱ्या खोक्यावर करून बघायचं होतं. कोणी देईना. काकूंनी आपलं स्वतःचं आणून ठेवलं. महिना संपायला चारच दिवस उरले होते. मी घाई केली. पहिल्या खोक्यातलं सगळं, जसंच्या तसं, काकूंच्या खोक्यात ओतलं. खोकं सुरू झालं, झकास चाललं. मी बाटली त्यांच्या पुढे सरकवली. "द्या ठिपका."

"दोन्ही जोडीनं लाव," काकू म्हणाल्या.

लावली, आणि सगळं बिनसलं. फोन इकडे जोडला जाई, तिकडे तुटे. मी केबलला शिव्या दिल्या, फोनला दिल्या. काकूंनी दोन्ही खोकी पालथी केली आणि पाठीवरचे नंबर मोठ्याने वाचले. वेगवेगळे होते. "आणि आतले?" आतले एकच होते. प्रत्येक खोक्यात कारखान्याने एक पान लिहिलेलं असतं. त्यावर त्या खोक्याचा नंबर असतो आणि त्याचं वायफाय जुळवून घेतलेली मापं असतात. काकूंच्या खोक्याचं ते पान मी पुसून टाकलं होतं. प्रत ठेवली नव्हती. पाठीवरचा नंबर पुन्हा लिहिता आला, मापं मात्र कायमची गेली. त्या खोक्याचं वायफाय पुढे कधी एका खोलीबाहेर पोचलं नाही.

"एका मीटरचं माप दुसऱ्याला चालतं का रे?" काकू हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "लिही. करायच्या कृतीत पहिली ओळ. आधी या खोक्याचं स्वतःचं पान बाजूला काढून ठेवा. मग बाकीचं."

मी लिहिलं. शेवटच्या दोन दिवसांत आम्ही इमारतीतलं बाकीचं एकेक खोकं घेतलं, आधी पान बाजूला ठेवलं, मग फर्मवेअर घातलं, पाचही भोकं बघितली. प्रत्येकावर काकूंनी ठिपका दिला. भंगारवाला आला आणि सेक्रेटरींकडे चहा पिऊन रिकामा परत गेला. त्याच आठवड्यात आमचं मॉडेल यादीत लागलं. कामाखाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते, तिथं मी 'सुमन पगार' घातलं होतं. पडद्यावर दाखवलं तर काकू गोंधळल्या. "माझं कशाला? ठिपक्याला नाव नसतं." मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. "हे कोणाला पुसता येतं?" मी म्हटलं, नाही काकू, राहतं ते. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत कशाला बसू?

गेल्या वर्षी काकू मनमाडला मुलाकडे राहायला गेल्या. तो रेल्वेत आहे. निघताना आपलं ते खोकं माझ्या हातात दिलं. त्यावर ठिपका नव्हता, कधी दिलाच नाही त्यांनी. "रिजेक्ट आहे. समोर ठेव." ते माझ्या टेबलावर आहे.

परवा कुठल्याशा लांबच्या देशातून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याच्याकडे आमचंच मॉडेल होतं. काम करताना त्याच्या हातून सगळं पुसलं गेलं, पण आमच्या कृतीतली पहिली ओळ वाचून पान बाजूला ठेवलेलं, म्हणून खोकं वाचलं. शेवटी लिहिलं होतं, सुमन पगार कोण आहेत, त्यांना माझे आभार कळवा. मी उड्या मारतच काकूंना फोन लावला आणि अख्खं पत्र मराठीत सांगितलं.

"पाचही भोकं बघितली का त्यानं?" काकूंनी विचारलं.

मी पत्र पाठवून विचारलं. त्याने चारच बघितली होती.