सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा

बुधवार, अकरा जून. सासूबाई महिन्यात दोनदा पडल्या आणि मी दिवसभर ऑफिसात, म्हणून रजा टाकून त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला.

आमच्याच शहरातल्या गोहलपुर मोहल्ल्याचा हा कॅमेरेवाला आमच्या ऑफिसातही येतो. नाव मी कधी विचारलं नाही. कुठलाही कॅमेरा दाखवण्याआधी तो विचारतो, "दीदी, देखना किसको है?" चोर म्हटलं तर फाटकावर लांबट बुलेट कॅमेरा, गिऱ्हाईक म्हटलं तर दुकानाच्या छताला गोल डोम. घरचं माणूस म्हटलं की चित्र आधी त्याच माणसाला दाखवतो.

डोम बसवून त्याने कॅमेऱ्याचं चित्र लावलेला माझा मोबाइल आधी सासूबाईंच्या हातात दिला. पलंगावर बसलेल्या स्वतःला पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "काहून गं, दिवसभर मला पाहून राहशील का?"

मी थकले होते. म्हटलं, "पडलात तर कळायला नको?"

तो पुन्हा शिडीवर चढला आणि कॅमेरा खाली वळवला. आता फक्त पलंगाजवळची फरशी दिसत होती. "अम्माजी गिरेंगी तो यहीं दिखेंगी. बाकी क्या देखना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मोबाइल उघडला. फरशी रिकामी होती. मोबाइल पालथा ठेवला आणि कामाला लागले.