एक कार्ड जास्तीचं

ताईंना रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी तरी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजण्यात घालवली. डाव्या हाताखाली स्टीलचं छोटं मोजणीयंत्र असायचं. पेशी दिसली की बटण दाबायचं, टिक. पुढची दिसली, टिक. काचेवर आखलेल्या चौकटीच्या वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडून द्यायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की रांगेत उभ्या राहिल्या तरी पुढची माणसं त्या तशीच मोजायच्या.

आता लॅबमध्ये मोठं यंत्र आलं होतं. पण एखादा नमुना यंत्राच्या गळी उतरला नाही की ते लाल दिवा लावून रुसून बसायचं. मग आतून डॉक्टर हाक मारायचे, "ताई, जरा तुमच्या डोळ्यांनी बघता का?" ताई "हातातलं काम टाकून यायचं का आता?" असं पुटपुटायच्या आणि हातातलं काम टाकून जायच्या.

पक्षात त्या आल्या त्या धाकट्या बहिणीमुळे. धाकटी कॉलेजात असल्यापासून या पर्यावरणवाल्या पक्षाची. झाडं, पाणी, हवा, कचरा यापलीकडे तिला दुसरा विषय नव्हता. ताईंच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिने सुरेख कागदात बांधलेली एक छोटीशी डबी दिली. घड्याळ असेल या आशेने ताईंनी ती उघडली, तर आत पक्षाच्या सभासदत्वाची पावती.

"वर्षभराची भरलीय," धाकटी म्हणाली.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तू स्वतःच भरशील."

ताईंनी खरंच भरली. शाखेत अकरा माणसं होती. दर गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या दुकानात, फ्रेमांच्या कपाटांच्या मधोमध, बैठक व्हायची. तळ्याकाठी कोणी राडारोडा टाकला, शाळेसमोरची झाडं कोणी छाटली, असे विषय. ताईंना ही माणसं आवडली. भांडायची कडाकडा, पण निघताना एकमेकांच्या छत्र्या शोधून द्यायची.

यंदा पक्षाच्या अधिवेशनाला शाखेतून दोन प्रतिनिधी गेले, चष्मेवाले आणि ताई. धाकटी तर जिल्ह्याची चिटणीसच, ती आधीपासून तिथे होती. बहिणी एकाच खोलीत उतरल्या. पण सकाळी दात घासतानाच त्यांची जुंपली.

अधिवेशनापुढे मोठा ठराव होता. शहराच्या कारभारात मोठ्या पक्षाबरोबर युती करायची की नाही? धाकटी युतीच्या बाजूची होती.

"ताई, बाहेर उभं राहून आपण आठ वर्षं घोषणा देतोय. आत गेलो तर दहा रस्त्यांपैकी दोन तरी थांबवू."

"आणि उरलेल्या आठांवर आपली सही असेल," ताई तोंडात फेस असतानाच म्हणाल्या. "त्या लोकांनी तळ्याच्या पाणथळीतून रस्ता आखलाय. त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसायचं?"

"टेबलाशी बसल्याशिवाय नकाशा कसा बदलणार?"

"तू आधी नळ बंद कर. किती वेळ वाहतोय!"

धाकटीने जीभ चावून नळ बंद केला. त्या दिवसातला ताईंचा तो पहिला विजय.

सभागृह लांबट होतं, खुर्च्यांचे तीन भाग पाडलेले. प्रत्येक प्रतिनिधीला जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेलं एकेक हिरवं कार्ड. मत द्यायचं म्हणजे कार्ड वर करायचं. मोजणीला तीन माणसं लागायची आणि त्यात ताई दरवर्षी असायच्या, कारण मोजायला जाताना स्वतःचं यंत्र घेऊन जाणाऱ्या त्या एकट्याच. पक्षात त्यांना अर्धे लोक 'टिकटिक ताई' म्हणूनच ओळखत. या वेळी त्यांच्या वाट्याला मधला भाग आला.

दुपारपर्यंत भाषणं झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. एकाने दोन मिनिटं नुसते आभार मानण्यात घालवली आणि मुद्द्यावर येतो न येतो तोच घंटा वाजली. एक बाई इतकं सुंदर बोलल्या की दोन्ही बाजूंनी टाळ्या दिल्या. त्या कोणत्या बाजूच्या, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. मग धाकटी बोलायला उठली. पोरगी ठामपणे बोलली, आणि आपल्या विरुद्ध बोलतेय हे माहीत असून ताईंनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी डोळे वटारून बघितलं.

"बहीण आहे माझी," ताई म्हणाल्या.

मग मतदान. आधी युतीच्या बाजूची कार्डं वर झाली. ताई रांगांमधून टिक टिक करत गेल्या. मग विरोधातली. ताईंनी आपलं कार्ड वर धरलं, दुसऱ्या हाताने यंत्र दाबत पुन्हा फिरल्या. तिघांनी आपापले आकडे चिठ्ठीवर लिहून अध्यक्षबाईंच्या हाती दिले. अध्यक्षबाईंनी बेरीज केली, दोनदा चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं.

"बाजूने एकशे सत्याऐंशी. विरोधात एकशे अठ्ठ्याऐंशी. ठराव एका मताने नामंजूर!"

अर्धं सभागृह उठून नाचायला लागलं. चष्मेवाल्यांनी ताईंचे दोन्ही हात धरून असे गदागदा हलवले की यंत्र तीनदा आपोआप टिकटिकलं. समोर धाकटी मांडीवर हात ठेवून बसून राहिली होती. ताईंना आनंदही झाला आणि तिच्याकडे बघून वाईटही वाटलं.

अध्यक्षबाईंनी चहाची सुट्टी जाहीर केली. चहाच्या रांगेत ताईंच्या डोक्यात सवयीने बेरीज सुरू झाली. लॅबमध्ये शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या की त्यांच्या सगळ्या प्रकारांची बेरीज शंभरच यायला हवी. एकशे एक आली की नमुना पुन्हा काचेखाली. एकशे सत्याऐंशी आणि एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनशे पंच्याहत्तर.

सकाळी दारावर कार्डं वाटली होती तीनशे चौऱ्याहत्तर. आकडा फळ्यावर लिहिलेला होता.

ताईंच्या हातातला कप तसाच राहिला. एक जास्तीचं आलं कुठून? बाकी दोघांपैकी कोणी चुकलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण मन काही केल्या मानेना.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "तुमच्या त्या एसीचं काहीतरी करा हो बाई." बघतात तर पक्षासाठी नकाशे काढणारे आजोबा. वयाने ऐंशीच्या पुढचे, डोक्यावर एकही केस नाही, मधल्या भागात तिसऱ्या रांगेत बसलेले. "तुम्ही दुसऱ्यांदा मोजायला आलात ना, नेमका तेव्हा तो सुरू झाला. थंडगार झोत थेट टाळूवर! कार्ड डोक्यावर धरलं म्हणून वाचलो."

"आजोबा," ताईंनी हळूच विचारलं, "पहिल्यांदा तुम्ही कार्ड वर केलं होतं?"

"केलं होतं की! मी युतीच्याच बाजूचा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मी थंडीच्या विरोधात होतो."

ताईंना आधी हसू फुटलं, मग आकडा डोक्यात बसला. म्हणजे एकशे सत्याऐंशी विरुद्ध एकशे सत्याऐंशी. बरोबरी. त्यांनी कप टेबलावर ठेवला. चष्मेवाले शेजारीच होते. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कोणाला कळणार आहे?" ते कुजबुजले.

"मला कळलंय ना."

"ताई, पाणथळ वाचलीय आपली!"

"वाचली असेल तर पुन्हा मोजूनही वाचेल," ताई म्हणाल्या आणि आजोबांना हाताला धरून तडक मंचाकडे निघाल्या. आजोबांना मजाच वाटत होती. इतक्या वर्षांत मंचावर कोणी बोलावलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, मग माईक घेतला. सभागृहात आधी गलका आणि मागोमाग हशा. आजोबांनी कार्ड डोक्यावर धरून प्रात्यक्षिकच दाखवलं. नियम स्पष्ट होता. बरोबरी झाली की थोडी चर्चा आणि पुन्हा मतदान.

या चर्चेत धाकटी उठली. सुट्टीत ती विरोधातल्या लोकांशीच बोलत बसली होती. तिने ठरावात एक ओळ घालायची सूचना मांडली. पाणथळीला हात लागला तर त्याच दिवशी युती संपली, त्यासाठी वेगळ्या बैठकीची गरज नाही. ती ओळ सर्वांनी मान्य केली. ताईंनी त्या ओळीला कार्ड वर केलं. पण मुख्य ठरावाला पुन्हा विरोधच केला.

या वेळी एसी बंद होता. प्रत्येक भाग दोघांनी मोजला. एकशे चौऱ्याण्णव विरुद्ध एकशे ऐंशी. बेरीज तीनशे चौऱ्याहत्तर, चोख. ठराव मंजूर.

धाकटी धावत आली. मिठी मारावी की माफी मागावी हे तिला ठरवता येईना.

"ताई, तू गप्प बसली असतीस तर..."

"तर तू वर्षभर माझ्याशी धड बोलली नसतीस," ताई म्हणाल्या. "आता त्या टेबलाशी बसशील तेव्हा ती ओळ मोठ्याने वाच. आणि खोलीतला तुझा ओला टॉवेल माझ्या गादीवरून उचल." धाकटी डोळे पुसत हसली.

परतीच्या बसमध्ये चष्मेवाले पहिला तासभर खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या तासाला त्यांनी खिशातली शेंगदाण्याची पुडी काढून ताईंपुढे धरली. बोलले मात्र नाहीत.

बोलले ते पुढच्या गुरुवारी, दुकानात, सगळ्या शाखेसमोर. ताईंनी सविस्तर अहवाल वाचला, स्वतःच्या मोजणीतली चूकही न लपवता. वाचून संपला तसे चष्मेवाले म्हणाले, "थोडक्यात, ताईंमुळे आपण हरलो."

"चौदा मतांनी हरलो," ताई म्हणाल्या. "माझी चूक एकाच मताची होती."

दुकानात हशा पिकला. चष्मेवाल्यांनाही शेवटी हसू आलंच. मग ते पुढचा विषय वाचायला लागले. तळ्याकाठच्या नव्या रोपांना पाणी कोणी कोणत्या दिवशी घालायचं? कोणालाच रविवार नको होता. ताईंनी मंगळवार घेतला, त्या दिवशी लॅब लवकर सुटते.