बंद फडताळातला मी

शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. हुपरी, माझ्या थोरल्या बहिणीचं स्वयंपाकघर. मी पाटावर बसलेलो, आक्का गॅसपाशी उभी. चहासाखरेच्या फडताळाचं दार बंद. आणि त्या बंद फडताळातून मी बोललो.

"आक्का, चहाआधी गो..."

एवढं बोलून मी गप्प झालो. मी म्हणजे आतला. बाहेरच्या मी तोंडही उघडलं नव्हतं.

हसू नका. स्वतःचा आवाज बंद दाराआडून यावा आणि शब्दाच्या मध्येच कुणीतरी तोंड दाबल्यासारखा तुटावा, हे एकदा ऐकून बघा. मग हसा.

"ऐकलंस न्हवं?" आक्का हळू म्हणाली. "का मलाच?"

"ऐकलं."

"मग बरं." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं रेघ ओढली. अशा रेघा बऱ्याच होत्या.

आता माझा शहाणपणा मुळापासून ऐका. आक्काचं वय अठ्ठ्याहत्तर. एकटी राहते. रक्तदाबाची गोळी विसरते, चहा मात्र कधीच विसरत नाही. तिचा मुलगा महेश पुण्याला. "आईचं डोकं जरा जरी भरकटलं, तर मी घेऊन जाणार," हे त्याचं नेहमीचं पालुपद. आक्काला पुण्याच्या नवव्या मजल्यावर जायचं नाही. विषय तिथंच संपतो.

म्हणून मी एक डबी बनवली. हो, मी. तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला चार तारा जोडता येत नाहीत की काय? आत नखाएवढी चिप. ती एरवी झोपलेली असते, म्हणजे सेल खात नाही. फडताळाचं दार उघडलं की एका तारेतून तिला इशारा मिळतो, ती जागी होते आणि माझ्या आवाजात म्हणते, "आक्का, चहाआधी गोळी घे." गोळी घेतली की बटण दाबायचं. दुसऱ्या तारेतून इशारा जातो आणि ती पुन्हा झोपते. एक तार उठवणारी, एक निजवणारी.

दुकानदार म्हणाला होता, "काका, दोन्ही तारांना एकेक रेझिस्टर लावा." मी त्याला सुनावलं, की गिऱ्हाईकाच्या गळ्यात नको ते भाग मारायचा हा धंदा मला चांगला माहीत आहे.

पंधरा दिवसांत आक्काचा फोन आला. दार न उघडता डबी बोलते म्हणून. मी रविवारी जाऊन ती कोल्हापूरला आणली. दिवसभर टेबलावर सेल घालून ठेवली, चकार शब्द नाही. मग सेल काढून टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली. शनिवारी परत नेऊन बसवली आणि चार दहाला ते घडलं.

म्हणजे डबी निर्दोष. मग दोषी कोण? आक्काच्या भिंतीला लागून दादू पोतदाराचा पैंजणांचा कारखाना. त्याला जागा कमी पडते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. म्हातारी घाबरून पुण्याला गेली की घर कुणाला मिळणार? माझ्यातला बातमीदार पाटावरून उठला तो थेट पोतदाराच्या दारात.

"म्हाताऱ्या बाईला भुतं दाखवता?"

दादूनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. "पावणं, आम्ही पैंजणं करताव. भुतं करायला सवड न्हाय."

"मला शिकवू नका. मी भल्याभल्यांना उघडं पाडलंय."

"पाडा की. आधी पाणी पिऊन घ्या, लई लाल झालाय तुम्ही."

पाणी मी प्यालो नाही. कोल्हापूरला येऊन बातमी लिहिली. 'वृद्धेला घर सोडायला लावण्यासाठी आवाजांचा खेळ. शेजारच्या कारखान्यावर संशय.' सोमवारी छापून आली. नाव दिलं नव्हतं, पण हुपरीत नाव द्यावं लागतं का?

सकाळी नऊला महेशचा फोन. "मामा, आईला घरात आवाज ऐकू येतात, हे मला पेपरातून कळावं? मी शुक्रवारी तिला न्यायला येतोय."

मी हुपरीची बस पकडली. आक्का दारातच उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाळू," ती म्हणाली, "माझं डोकं ठिकाणावर हाय का न्हाय, ते तू साऱ्या जिल्ह्याला इचारलंस. मला तेवढं इचारलं न्हाईस."

तेवढ्यात दादू आला. हातात पेपर, मागं त्याची सून स्नेहल. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

"हिला डबी दावा," दादू म्हणाला. "न्हायतर मी बी पेपर काढतो."

स्नेहलनं डबी उघडली. मग उठवणाऱ्या तारेकडं नुसतं बोट नेलं. तारेला बोट लागलं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. डबी बोलली. तिनं बोट मागं घेतलं आणि पुन्हा पुढं केलं. "आक्का, चहाआधी..."

"काका, रेझिस्टर नाही लावला?"

"नको तो भाग वाटला," मी म्हणालो.

"रेझिस्टर तारेला धरून ठेवतो. तो नसला की तार अधांतरी. चार वाजता आमच्याकडं लाईट येते, भिंतीपलीकडं पॉलिशची मोटर सुरू होते आणि तिच्या धक्क्यानं ही जागी होते. निजवणारी तारही तशीच, म्हणून मध्येच गप्प. बातमीदारासारखं आहे हो हे. शेजारी जरा खुट्ट झालं की बोलायला लागायचं, पुरतं कळायच्या आत."

दादू खोकला. ते हसूच होतं.

तिनं दोन रेझिस्टर बसवले. दादूनं मोटर तीनदा चालू-बंद केली. डबी मुकी. महेशला स्नेहलनंच फोनवर सगळं दाखवलं आणि शुक्रवारचं येणं रद्द झालं. खुलासा मी लिहिला, पहिल्या पानावर, माफीसकट. दादूनं तो कारखान्यात चिकटवलाय.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण खुलाशासाठी तारखा हव्यात म्हणून मी आक्काचं कॅलेंडर उतरवलं. मधल्या आठवड्यातल्या बुधवारी एक रेघ होती.

"आक्का, ही चुकून? बुधवारी डबी माझ्या खणात होती, कोल्हापुरात. सेलसुद्धा काढलेले."

"चुकून न्हाय. रिकाम्या फडताळातनं चारलाच बोललं की."

"माझा आवाज?"

तिनं जरा विचार केला. "तुझा न्हवता. आधी 'जेवलीस का' म्हणून इचारलं. तू कवा इचारलायस?" मग तिनं कॅलेंडर माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवलं. "आणि हे महेशला सांगायचं न्हाय."

महेशला मी सांगितलेलं नाही. स्नेहलला विचारलं. ती म्हणाली, सेल नसताना तर रेझिस्टरचाही प्रश्न येत नाही.