धुवायला टाकायचा डबा

नातवंडांना वाटतं, आजीला सगळं कळतं. म्हणून आधीच कबूल करते: ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये, याच आजीने शेजाऱ्याची फिल्म उजेडात काढून ठेवली आणि डबा साबणाने घासला. आणि बाई बी.एस्सी. फर्स्ट क्लास होत्या हं.

शेजारी इंग्रज. लंडनच्या स्टुडिओत शॉटच्या आधीची क्लॅपची पाटी धरता धरता सिनेमाचा कॅमेरामन झालेला, मग कामासाठी अमेरिकेत आलेला आणि म्हातारपणी बायकोच्या माहेरच्या घरात राहिलेला. मोठमोठ्या नट्या त्याने सुंदर दाखवल्या. बायकोला मात्र कॅमेरा आवडायचा नाही, साधा फोटोही काढू द्यायची नाही. शेवटच्या आजारात तिने एकदाच, मागच्या अंगणात, त्याला शूट करू दिलं. ती गेल्यावर ते रीळ धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, टाकायचा त्याला धीर झाला नाही. वर्षभर फ्रिजमध्ये पडून होतं. हे सगळं मला नंतर कळलं.

मग त्यालाच हार्टसाठी हॉस्पिटलात ठेवलं. आता तरी तिला एकदा बघून घेतो, असं तो भेटायला गेलेल्या आमच्या ह्यांना म्हणाला. ह्यांनी तिथून मला फोन केला, "त्याच्या फ्रिजमधला गोल डबा धुवायला टाकायचाय. किल्ली आपल्याकडेच आहे." फिल्म हा शब्द ह्यांनी गिळला, आणि मी काही विचारलं नाही.

डबा कशाला बाहेर धुवायला टाकायचा? माझे हात काय मोडलेत? दुसऱ्या दिवशी भर दुपारी घरी आणून त्याच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या. आत काळी पिशवी, तिच्यात रीळ. तेव्हा तरी थांबावं. पण आमचं विज्ञान असं, की रिळाला उजेडाचं काय भय, थिएटरात तर त्यातूनच उजेड सोडतात. रीळ खिडकीत ठेवलं. डबा लख्ख घासला. पोळ्यांना छान होईल, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी हे आले आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "अगं, न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की त्यातलं सगळं जातं."

ही गोष्ट मी हसत सांगते, कारण दुसरी कशी सांगायची ते मला अजून जमलेलं नाही.

हॉस्पिटलात सांगायला मीच गेले. पलंगाशी उभी राहून सॉरी, सॉरी म्हणत रडले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मला खुर्ची दाखवली. मग म्हणाला, "मला चेहरे लक्षात राहत नाहीत. कुणाचेच नाहीत. म्हणून तर कॅमेरा हातात घेतला होता."