तेल पिणारा कागद

लाकूड हातात आले की मेस्तकाका आधी त्यावर बोटाचे पेर आपटायचे, मग हुंगायचे आणि विचारायचे, "हें खंयच्या घराचें?" उत्तर मिळेपर्यंत हत्याराला हात लावत नसत.

गोव्यात, आमच्या पेडण्यात हल्ली जुने घर पाडायला एक दिवस पुरतो. कौले विकली जातात. वासे, तुळया रस्त्याकडेला पडतात. काका ती लाकडे हातगाडीवरून आणत आणि त्यांचे वाडगे कोरत. प्रत्येक वाडग्याच्या बुडाला पेन्सिलीने त्या घरवाल्याचे नाव. मांद्र्याचा दुकानदार म्हणाला, "काका, नावे घासून टाका. गिऱ्हाईक विचारते, हा कोण?"

"मगीर सांग ताका," काका म्हणाले आणि वाडगे पिशवीत भरून परत आले.

तुम्ही हौसेने असले वाडगे घेता. एकदा उलटे करून पाहा.

आम्ही जमिनी वाचवायला निघालेली पोरे. मी दर आठवड्याला पत्रकांचा गठ्ठा त्यांच्याकडे टाकायची. वरचे पत्रक ते चष्मा लावून वाचत. "'जागे व्हा' कित्याक गो, बाय? हांव पांचांक उठतां." मग उरलेल्या गठ्ठ्याने वाडग्यांचे तेल पुसत. "कागद बरो हां तुमचो. तेल पिता."

मी हसायची.

त्यांचे स्वतःचे घर भाटकाराच्या जमिनीवर. तीन पिढ्या राहूनही मुंडकारच. भिंती यांच्या, खालची माती त्याची. मुंडकार म्हणून सरकारदरबारी नोंद असली तर घरातून सहज काढता येत नाही; ती मात्र नव्हती. भाटकार जमीन विकणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी नोंदीचा अर्ज आणला. अर्ज इंग्रजीत, काका मराठी चौथी शिकलेले. मला मोरजीची सभा गाठायची होती. अर्ज पत्रकांच्या गठ्ठ्यात खोचला आणि स्कूटरवरूनच ओरडले, "काका, भरून ठेवा."

"थंय दवर," कोपऱ्याकडे बोट करून ते म्हणाले. त्यांचे लक्ष लाकडात होते.

नंतर मी विचारलेच नाही. अख्खा तालुका वाचवायचा होता ना! एका म्हाताऱ्याशेजारी बसून चार रकाने भरायला वेळ कोणाला होता?

जमीन विकली गेली. भाटकाराचा माणूस एक कागद घेऊन आला, काकांनी सही केली. घर स्वखुशीने सोडतो, असा तो कागद. तोही इंग्रजीतच. आम्ही फलक घेऊन धावलो तेव्हा अर्धे छप्पर खाली आले होते.

"वाचून न घेता सही केलीत?" मी त्यांच्यावरच चिडले.

"कोण आसलें वाचून दाखोवपाक?"

"आणि मी दिलेला अर्ज?"

"कसलो अर्ज?"

काका सावंतवाडीला मुलीकडे गेले. टेम्पोत घातले काय, तर हत्यारे, स्वतःच्या घराची एक तुळई आणि आमच्या पत्रकांची रद्दी. तिथे वर्षभरही जगले नाहीत.

मी भेटायला गेले ती ते गेल्यावरच. मुलीने एक वाडगा हातात दिला. "पेडण्याच्या बायला द्या म्हणून सांगितलं होतं." त्या तुळईचा वाडगा. उलटा केला. बुडाला पेन्सिलीने त्यांचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, ठळक अक्षरात.

ज्या कागदात तो गुंडाळला होता तो मग सरळ केला. माझाच अर्ज. रकाने सगळे कोरे, आणि नाव लिहायच्या जागी तेलाचा गोल डाग.