पत्ता देऊ नका

संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. तो माझ्या हाडीमासी खिळलेला आहे आणि बरेचदा त्याने मला वाचवलंही आहे. म्हणूनच त्या दिवशी मी इतक्या ठामपणे बोलले.

ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी टेस्टिंग इंजिनिअर आहे. आमच्या लॅबमध्ये दोघं सुदानी होते. एक वयस्कर केमिस्ट, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि दुसरा सॅम्पल आणणारा ड्रायव्हर. दोघं एकाच ताटात जेवायचे. मग तिकडे सुदानमध्ये देशाचा प्रमुख आणि देशातल्याच दुसऱ्या फौजेचा सेनापती यांचं बिनसलं, राजधानीत लढाई पेटली आणि इकडे ताटं दोन झाली. उस्ताद प्रमुखाच्या बाजूचे, ड्रायव्हरचा मावसभाऊ सेनापतीच्या फौजेत. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचा जीव जात होता. उस्तादांची धाकटी बहीण दोन मुलींसह त्याच शहरात अडकली होती.

एका सकाळी ड्रायव्हर सॅम्पलची पेटी ठेवून घुटमळला.

"उस्ताद, शुक्रवारी माझ्या भावाची गाडी बायकामुलांना घेऊन शहराबाहेर निघतेय. बहिणीचा पत्ता द्या."

मग त्याने विचारलं, वस्ती कोणती? गल्ली कितवी? आणि तिच्या सासरचं घराणं कोणतं?

शेवटच्या प्रश्नाला माझे कान टवकारले. आम्ही बौद्ध. आमच्याकडे भाड्याचं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि मग हळूच, "गावात घर कुठल्या बाजूला?" एवढं विचारणाऱ्याने पुढे घर दिल्याचं मला आठवत नाही.

तो गेल्यावर उस्तादांनी मला विचारलं, "बेटी, तू काय केलं असतंस?"

"पत्ता देऊ नका," मी म्हणाले. "मदत करणाऱ्याला घराणं कशाला लागतं? उद्या तीच फौज दारात आली तर?"

त्यांनी पत्ता दिला नाही. "बघू, इन्शाल्ला," म्हणून टाळलं. ड्रायव्हरचा चेहरा पडला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. डाव फसला म्हणून पडला, असं वाटून मी चक्क खूश झाले.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. गाडी सुखरूप बाहेर पडली होती.

"तिघींची जागा ठेवायला लावली होती मी," तो म्हणाला. "फौजेच्या नाक्यावर भावाला प्रत्येक बाईचं घराणं सांगावं लागतं. आपल्या ओळखीची आहे म्हटलं तरच सोडतात."

उस्तादांनी तिथल्या तिथे पत्ता लिहून दिला. पण आता रस्ता बंद झाला होता आणि भाऊ शहरात परत जाऊ शकत नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उस्तादांची माफी मागितली. आडनाव, गाव, घराची बाजू, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"संशय मलाही होताच," ते म्हणाले. "तो खरा की माझा रागच बोलतोय, ते कळेना. तुला विचारलं, कारण तू आमच्या दोघांपैकी कुणाच्याच बाजूची नव्हतीस."

बहिणीचा फोन अजून लागत नाही.