पाटाची वाट आणि आग्रा रोड

रावजीचं बूड कुठं टेकलंय असं वस्तीवर कुणी कधी पाहिलं नाही. लग्नात पंगतीला बसला तरी वाढपी भात घेऊन परत यायच्या आत हा हात धुवून मांडवाबाहेर. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी लागली तेव्हा बायको लंकाबाई म्हणाली होती, "चला, आता तरी एका जागी ऱ्हातील." कसचं काय! कारखान्याच्या बसमध्ये त्याचा पाय असा हलायचा की शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जायचा. एकानं तर विचारलं, "रावजी, शिलाई मशीन चालवतो का रे?" रावजी हसला, पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं बस सोडली आणि सायकल धरली.

वस्ती आडगावच्या पुढं, पाटाला लागून. सात-आठ घरं, सगळी झेंडू-शेवंती आणि मेथी-कोथिंबीर पिकवून नाशिकच्या बाजारात नेणारी. वस्तीच्या एका अंगाला पाट आणि दुसऱ्या अंगाला, चार शेतं ओलांडली की, आग्रा रोड. रावजी सुरुवातीला आग्रा रोडनंच जायचा. सोबतीला धनराज, वस्तीवरचाच, लंगोटीयार, कारखान्यातही एकाच खात्यात. १९९२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी दोघं असेच चालले होते. रावजी पुढं, धनराज मागं. रावजीनं काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. "अरे बोल की, तोंडात काय गूळ धरलाय का?" म्हणत त्यानं मागं पाहिलं. ट्रक पुढं निघून गेला होता. धनराजची सायकल रस्त्याच्या कडेला होती आणि धनराज तिच्यापासून बराच लांब पडला होता.

त्यानंतर रावजीनं आग्रा रोडचं नाव टाकलं. पाटाच्या भरावावरून पाटबंधाऱ्याच्या माणसांना ये-जा करायला मुरमाची वाट आहे. दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवलेले. त्यांच्यामधून माणूस, शेळी आणि सायकल, एवढंच जातं. ना हॉर्न, ना धूर. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला द्राक्षाचे मांडव, ऊस, कुठं मक्याचं रान, आणि वर बाभळींची सावली. वळणावर आपली घंटी वाजवायची, म्हणजे कपडे धुणाऱ्या बाया पाय आवरून घेतात. रावजीला ह्या वाटेचं वेडच लागलं. घरात चूळ भरायची वाट न पाहणारा हा माणूस त्या वाटेवर चक्क गाणं म्हणायचा. भसाड्या आवाजात, पण म्हणायचा.

म्हणून पोरगी मोहिनी नाशिकला नर्सिंगच्या कोर्सला लागली, तेव्हा त्यानं एकच अट घातली. "जायचं तर पाटानं. आग्रा रोडला चाक जरी लावलं तरी सायकल विहिरीत टाकीन."

"आणि मला?" मोहिनी म्हणाली.

"तुला तिच्या मागं!"

पोरगी हसली. खाण तशी माती. तिचंही पाऊल घरात ठरत नव्हतं. एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहणं तिच्याच्यानं होत नव्हतं. सकाळी वेणीला दुसरी गाठ मारेपर्यंत तिची सायकल भरावावर चढलेली असायची. ती नाशिककडं, बाप ओझरकडं. दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि इथंच रावजीचं सगळं बिनसलं. स्वतः जात होता तोवर ती वाट गुणाची होती. पोरगी जायला लागल्यापासून त्याच वाटेत त्याला साप दिसायला लागले, पिसाळलेली कुत्री दिसायला लागली. कामावरून चारला घरी आला की चहाचा कप हातात घेऊन भरावावर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. लंकाबाई म्हणायची, "आवो, तुमच्या येरझाऱ्यांनी पोरगी लवकर येणार हाय का? बसा ना जरा." तो बसायचा. लगेच उठायचा.

आता पाटाच्या त्या वाटेचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्यानंच. पाटाला पाणी सुटलं की ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या चारीतून ते घ्यावं असा कायदा. पण पाळीपर्यंत पिकाला दम निघत नाही. मग लोक डोंगळा टाकतात. डोंगळा म्हणजे काळा रबरी पायप. एक तोंड पाटात, एक तोंड शेतात, मधला भाग वाटेवरून आडवा. चोरीच ती, पण सगळेच करतात, आणि पाटबंधाऱ्याचा पाटकरी गस्तीला आला की सगळेच आपले हात पुसून उभे राहतात. मात्र चोरीलाही लाज असते. वाटेवर पायप टाकला की दोन्ही बाजूंनी माती ओढून त्याला उतार करायचा आणि शेजारी काठीला खताची पांढरी गोणी बांधायची, म्हणजे सायकलवाल्याला लांबून दिसतं. हा नियम सगळ्यांत जास्त कोण पाळायचा, तर रावजी. वाल्मीक नावाचा त्याचा शेजारी एकदा माती ओढायची विसरला, तर ह्यानं त्याला वस्तीसमोर असा फैलावर घेतला की बिचारा आठवडाभर तोंड चुकवत होता.

२००२ साल. दसरा तोंडावर आलेला, झेंडू कळीला आलेला, आणि पावसानं पाठ फिरवलेली. पाटाला पाणी भरून चाललं होतं, पण ह्यांची पाळी अजून लांब होती. लंकाबाईनं दुपारपासून तोंडाचा पट्टा सुरू केला होता. "डोळ्यादेखत पाणी चाललंय आन् झाडं माना टाकून बसलीत. दसऱ्याला लोकांच्या दाराला काय वाळकं गवत बांधू?"

रावजी उठला. उठायला त्याला निमित्तच लागायचं. पायप खांद्यावर टाकला, भरावावर गेला, एक तोंड पाण्यात सोडून बाभळीच्या बुंध्याला तारेनं आवळून बांधलं, दुसरं झेंडूच्या सरीत सोडलं. पाणी धो धो पडायला लागलं. माती ओढायला त्यानं फावडं उचललं, इतक्यात वळणावर पाटकऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला अख्ख्या पाटाला पाठ होता. रावजी फावड्यासकट झेंडूत घुसला आणि दबून बसला. दिवस मावळला होता, उजेड पातळ झाला होता. पाटकरी येतो, येतो म्हणून हा श्वास धरून बसला. पण खोकला जागच्या जागीच. पाटकरी पलीकडच्या पुलावर कुणाशी तरी बोलत उभा राहिला होता. जाऊन माती ओढावी का? पकडलं तर पायप जप्त. आता जातो, मग जातो. बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

आणि घंटी वाजली. ती घंटी रावजीला हजारांत ओळखू आली असती. मोहिनी नेहमीसारखी भरधाव येत होती.

तो ताडकन उभा राहिला. पाटकरी गेला खड्ड्यात! "मोहेऽऽ! उतर! मोहेऽऽ!"

झेंडूतून असा एकाएकी उगवलेला बाप बघून मोहिनीनं मान वळवली. पुढचं चाक उंच पायपावर आदळलं, हँडल फिरलं, आणि सायकल, दप्तर, पोरगी, सगळं पाटात. रावजी भरावावर कसा चढला हे त्यालाही आठवत नाही. पाणी छातीभर आणि ओढ जबर. पोरगी वाहून जायची, पण तिच्या एका हाताला पायप लागला होता आणि तिनं तो सोडला नव्हता. दुसरा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला होता. रावजीनं उडी घेतली, तिला कमरेला धरून काठाला लावलं, आणि मग तिथंच चिखलात गुडघे टेकून तो ढसाढसा रडला.

वस्ती जमली. वाल्मीक कंदील घेऊन आला, पायप बघितला आणि खवळला. "कुणाचा रे हा डोंगळा? माती ओढायला हात झडले होते काय त्याचे?"

"माझा," रावजी म्हणाला.

वाल्मीकनं कंदील खाली घेतला. पायप ओढून त्यानं वाटेवरून बाजूला केला, आणि रावजीला वाटलं, ह्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हात प्लास्टरमध्ये गेला. मोहिनी बापाशी नीट बोलायची, रागाचा शब्द नाही. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, थंडी पडली. एका सकाळी तिनं सायकल काढली आणि ती भरावाकडं न वळता शेताच्या बांधावरून आग्रा रोडकडं निघाली.

"मोहे, कुठं?"

"कॉलेजला."

"पाट इकडं हाय."

ती थांबली. वळली नाही. "आण्णा, आग्रा रोडला डोंगळे नसतात."

विहिरीत टाकायची सायकल रावजीच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली, आणि ज्या रस्त्यावर धनराज गेल्यापासून पाय ठेवला नव्हता, त्या रस्त्याला लागला. मोहिनी पुढं, हा बराच मागं. पुढं राहून एकदा गमावलं होतं. आता मागं राहायचं, येणारा ट्रक आधी आपल्याला लागू दे. मागून हॉर्न आला की तो हँडल घट्ट धरायचा. पुढं पोरीची पांढरी ओढणी दिसत होती तोवर पायडल फिरत होतं. असे बरेच दिवस गेले. पोरीला कळत नाही, असं त्याला आपलं वाटत होतं.

पाट जिथं आग्रा रोडखालून जातो, त्या मोरीपाशी एका सकाळी मोहिनी उतरली आणि सायकल कडेला लावून उभी राहिली. रावजीला वळायला जागा नव्हती. तो तिच्यापाशी आला.

"आण्णा, रोज कुठं निघता?"

"बाजारात. जरा काम होतं."

"पिशवी नाय, पाटी नाय, रिकाम्या हातानं बाजार?"

रावजी चाकाकडं बघत राहिला.

"तुम्ही मागं असला ना, की माझी मान सारखी मागं वळती," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "त्या दिवशी बी तुम्ही हाक मारली म्हणून मी तुमच्याकडं बघितलं. समोर बघत असते, तर पायप दिसला असता मला."

एक ट्रक इतक्या जवळून गेला की दोन्ही सायकली हलल्या. रावजीनं तिचा बरा झालेला हात घट्ट धरला. मग त्याला ते कळलं आणि त्यानं सोडला.

"मग काय करू मी?"

"घरी जा. बसा."

"बसवत नाय गं मला."

"ठाऊक हाय मला," मोहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बापाच्या खांद्यावरची धूळ उगीचच झटकली आणि सायकलवर टांग टाकली.

'कडेनं जा!' रावजीच्या ओठांवर आलं होतं. त्यानं दात आवळले. हाक मारली तर ती वळून बघेल. तो रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला, मग सायकल हातात धरून मोरीच्या अंगानं पाटाच्या वाटेवर उतरला. पाट कोरडा पडला होता. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, आणि तिथली शांतता त्याला आज खायला उठली होती. मागं रस्त्यावरून एकेक ट्रक जात होता. प्रत्येक आवाजाला त्याची मान वळायला बघायची, आणि तो ती ताठ धरून पायडल मारत होता. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला त्यानं हात सोडला नाही.

घरी लंकाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. "आलात? दिसली का नीट जाताना?"

"नीट गेली," रावजी म्हणाला, आणि जुडी बांधायला तिच्याशेजारी बसला. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.